नापीक माती पाहिजे

पॅल्युडेरियम म्हणजे काचेच्या पेटीत खाली वीतभर पाणी, पाण्यात मासे, आणि एका बाजूला पाण्यावर डोकं काढणारी माती, तिच्यात झाडं. थोडक्यात, धरण आणि लाभक्षेत्र एकाच टेबलावर. जळगावात मे महिन्यात पारा 45 ला टेकला की माणसाला असलं काहीतरी सुचतं.

मासे गप्पी. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवतापवाले हौदात सोडतात, तेच. एवढा काटक मासा मला मारता येणार नाही, अशी माझी समजूत होती. नर्सरीतून ‘तयार माती’ची पिशवी आणली. गांडूळखत, निंबोळी पेंड, वर डीएपीचे दाणे. तिसऱ्या दिवशी सातही मासे पाण्यावर तोंड काढून आ वासत होते. चौथ्या दिवशी तीन उरले.

खतातला नत्र पाण्यात उतरला की अमोनिया होतो आणि तो माशांचे कल्ले जाळतो. त्यात पाणी जितकं गरम आणि जितकं अल्कधर्मी, तितका तो जास्त जहरी. आमच्या बोअरचं पाणी असं की चहाच्या भांड्याला आतून चुन्याचा हात दिल्यासारखं दिसतं. वर हा उन्हाळा. अमोनियासाठी याहून सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही.

हे सगळं सासऱ्यांना फोनवर सांगितलं, ही दुसरी चूक. मामांची धुळ्याकडे कपाशी. रविवारी ते एसटीनं गोणी घेऊन हजर. “जावाईबापू, हाई आपली काळी माटी. हिच्यामा काठी खोसा, तिले बी पानं फुटतीन.”

“मामा, तोच तर घोटाळा आहे. मला जिच्यात काहीच उगवत नाही अशी माती पाहिजे.”

मामांचा चेहरा मुलगी चुकीच्या घरी दिल्यासारखा झाला.

तरी मान राखायचा म्हणून वाटीभर माती घेतली आणि वर व्हिनेगर ओतलं. सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली. मातीतले पांढरे खडे म्हणजे चुनखडी. ती पाण्यात हळूहळू विरघळते आणि आधीच जड असलेलं पाणी आणखी जड करते. शिवाय काळी माती भिजली की फुगते, चिखल होते आणि ढवळली की दोन दिवस खाली बसत नाही. मासे कुठे आहेत ते विचारून घ्यावं लागलं असतं.

मग वाळू. खानदेशात वाळूचं नाव काढलं की माणूस आधी इकडेतिकडे बघतो. शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर मागून आणली. व्हिनेगर टाकलं, ती ढिम्म. इतका आनंद मला दहावीच्या निकालाचाही झाला नव्हता. ती दहा पाण्यांतून धुतली. बायको म्हणाली, “तांदूळ कधी दोनदा धुतले नाहीत.” कोकोपीटही भिजवून, पिळून, पुन्हा भिजवून घेतलं, नाहीतर पाण्याचा बिनदुधाचा चहा होतो. माशांना तो चालतो, पाहुण्यांना नाही. खाली नदीतले गोटे, त्यावर मच्छरदाणीचा तुकडा, म्हणजे वरचं खाली गळून जायला नको, आणि त्यावर वाळू-कोकोपीट. खताचा कण नाही. एका कडेला मनी प्लँट, मुळं थेट पाण्यात.

मामा खुर्ची ओढून बसले होते. “आनि हाई झाड खाई काय? हवा?”

“मासे घाण करतात, मामा. तिचा अमोनिया होतो, पण थोडाथोडा. गोट्यांवरचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि ते ही मुळं ओढून घेतात.”

मामांनी काचेला नाक लावलं. तीन गप्पी गोट्यांमधून फिरत होते. मामांच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा ओळखीचं काही दिसलं.

“मंग हाई मासा नही, हाई त ढोरं शेतस!” ते म्हणाले. मग जरा थांबून, गोठा सांभाळणाऱ्या माणसाला पडणारा खरा प्रश्न त्यांनी विचारला, “यासनं शेन कोन काढस?”

बायकोनं माझ्याकडे बोट दाखवलं. दर रविवारी, अर्धी बादली.