सालीवरचा जावई

जगात जर्मनी, भारतात परभणी, असं सासुरवाडीची मंडळी म्हणाली की मी आजवर नुसती मान डोलवायचो. या पौषात ते जरा जास्तच मनावर घेतलं. मोबाइलवर एक जर्मन गडी बर्चची साल सोलून एका ठिणगीत जाळ करताना दिसला आणि मी जाहीर केलं, मानवतजवळच्या शेतातली हुरड्याची आगटी यंदा सालीवर पेटणार. रॉकेल नाही, कागद नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

बर्च म्हणजे आपलं भूर्ज, जुन्या पोथ्यांचं. त्याच्या सालीत बेट्युलिन नावाचं मेणचट द्रव्य असतं, म्हणून ती ओलसर असली तरी भडकते. हे सगळं मी मेव्हण्याला ऐकवलं. भूर्ज हिमालयात 3000 मीटरच्या आसपास उगवतं आणि परभणी 500 मीटरच्याही खाली आहे, एवढंच सांगायचं राहिलं.

बांधावर होती बाभूळ. तिची साल जाड, चिरा पडलेली, टॅनिननं भरलेली. टॅनिन कातडं कमावतं, जाळ नाही. त्यात रात्रभर दहिवर पडलेलं. साल कडेनं लाल व्हायची, भकाभका धूर सोडायची आणि विझायची. मी फुंकायचो, धूर माझ्याच तोंडावर. काडेपेटी संपत आली. सासूबाईंनी लांबूनच लेकीला विचारलं, "जावई रडायलेत का गं?"

मेव्हण्याला राहवेना. "दाजी, कापसाच्या रानात बसून साल काय सोलायलाव?"

खरंच की! चोहीकडे पऱ्हाट्या, बोंडांत राहिलेला कवडी कापूस. चकमकीच्या काळात मेंढपाळ गारगोटीची ठिणगी कापसावरच धरायचे. सावरीचा मिळाला तर फारच छान. त्यानं कवडीचा बोळा केला, वर तुराट्या मोडून टाकल्या, त्यावर गोवऱ्या रचल्या. एका काडीत काम झालं. आर पडला आणि गूळभेंडी ज्वारीची कणसं आत गेली. (कृषी विद्यापीठाची 'परभणी मोती' भाकरीला झकास, पण हुरड्याला गूळभेंडीच.)

तेव्हा बाभळीचं लाकूड खुशाल जाळा, कोळसाही उत्तम पडतो. साल तेवढी सोडा. आणि तुम्ही जावई असाल तर आगटीपासून लांब बसा. हुरडा चोळून, शेंगदाण्याच्या चटणीसकट, हातात आणून देतात.