दोन-आठचे काका

आमच्या काकांना माणूस भेटला की आधी त्याचा हात दिसतो, चेहरा नंतर. लग्नानंतर पहिल्यांदा पाया पडायला आलेल्या आतेभावाच्या बायकोला त्यांनी "अष्टपुत्रा" वगैरे काही म्हटलं नाही. म्हणाले, "मूठ आवळ बघू. अंगठा आत घे." ती बिचारी घाबरून सासूकडे बघायला लागली. सासूने, म्हणजे माझ्या आत्याने, डोळ्यांनीच सांगितलं, दे बाई, सुटका नाही. मग काकांनी खिशातून वर्तमानपत्राची कातरलेली पट्टी काढली, पंजाच्या सगळ्यात रुंद भागाभोवती गुंडाळली आणि पेनाने खूण केली. "बांगडीचं माप मनगटावर घ्यायचं नसतं. मनगटावर कुठलीही बसेल. आधी ती पंजावरून चढली पाहिजे ना?"

हे मी निदान वीस लग्नांत ऐकलंय. मुंजी वेगळ्या.

काका चौतीस वर्षं सरकारी खात्यात आरेखक होते. पाट, मोऱ्या, बंधारे. सगळं पट्टीला पट्टी लावून. निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पहिले सहा महिने त्यांनी काकूच्या स्वयंपाकघरात डब्यांना आकड्यांच्या चिठ्ठ्या लावण्यात घालवले. (तूरडाळ सात नंबर. हळद कुठे, हे अजून कोणालाच माहीत नाही.) मग एका सकाळी ते बोहरी आळीत गेले आणि दोन पकडी, तीन कानशी, एक लाकडी मोगरी आणि तांब्याच्या तारेचं भेंडोळं घेऊन आले. काकूला वाटलं, मिक्सरची वायर दुरुस्त होणार. तिने आनंदाने चहा टाकला.

"सरळ रेघ काय, कोणीही मारतं," काका म्हणाले. "वळण आणणं अवघड."

त्या दिवसापासून घरात वळण आहे. काकांचं म्हणणं असं की आपले निम्मे दागिने म्हणजे नुसतं वळण. वळं, वाळा, वेढणी. आणि वाकवतात म्हणून वाकी. शेवटची व्युत्पत्ती त्यांची स्वतःची असावी असा मला दाट संशय आहे, पण ती त्यांनी एका मराठीच्या निवृत्त प्राध्यापकांना इतक्या ठामपणे ऐकवली की प्राध्यापकांनी वहीत लिहून घेतली.

आता गणित. गणिताशिवाय काकांचं तोंड उघडत नाही. बांगडीची मापं दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ अशी असतात हे आपण जन्मभर दुकानात ऐकतो. काकांकडून मला पहिल्यांदा कळलं की यात दोन म्हणजे इंच आणि पुढचा आकडा म्हणजे आणे. इंचाचेही रुपयासारखे सोळा भाग. दोन-चार म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. "आणा बाजारातून गेला, बायकांच्या हातावर राहिला," हे काकांचं वाक्य खरोखर चांगलं आहे. ते त्यांनाही माहीत आहे. म्हणून ते म्हटल्यावर थोडं थांबतात. एका मापाचा फरक व्यासात जेमतेम तीन मिलिमीटर, पण घेरात तो एक सेंटिमीटर होतो. तांब्याची पट्टी कापताना आतल्या व्यासात पत्र्याची जाडीही मिळवायची आणि मग 3.14 ने गुणायचं. जाडी विसरलात तर बांगडी तेवढी आखडते. हे सगळं ते गुळगुळीत ड्रॉइंग पेपरवर, टोक केलेल्या पेन्सिलीने, बाणबीण काढून लिहितात. नाव, तारीख, प्रमाण.

एवढं करून बांगडी होते दोन-आठचीच.

कारण साधं आहे. पट्टी वळवायला आत काहीतरी गोल, टणक लागतं. सोसायटीच्या नळकामातून उरलेला त्रेसष्ट मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप काकांना फुकट मिळाला. त्रेसष्ट मिलिमीटर म्हणजे अडीच इंचाला केसभर कमी. आतेभावाच्या बायकोचं माप दोन-चार, माझं दोन-सहा, वॉचमनच्या लेकीचं त्याहून लहान. वर्तमानपत्राच्या पट्ट्या सगळ्यांच्या नावानिशी फायलीत लावलेल्या आहेत. आणि पाइप एकच. आम्ही हात खाली केला की बांगडी जमिनीवर. माझ्या दोन भांडी घासताना मोरीत गेल्या, म्हणजे ज्या जातीच्या पाइपावर जन्मल्या त्याच जातीच्या पाइपात विसावल्या.

पण काकांना वळवताना बघावं. तिथे मात्र चेष्टा सुचत नाही. पट्टी पाइपाला टेकवून ते मोगरीने अगदी हलकेच, एका टोकापासून, पुढे पुढे सरकत ठोकतात. लोखंडी हातोडीने तांब्यावर चट्टे उठतात, लाकडाने उठत नाहीत. सोडलं की पट्टी थोडी उघडते. "धातू हट्टी असतो," काका सांगतात. "हवं त्याच्यापेक्षा जरा जास्तच वाकवायचा. मग तो मागे येऊन बरोबर हव्या त्या जागी थांबतो."

"हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं," काकू आतून.

ठोकून ठोकून तांबं कडक होतं, मग ते वळायचं नाकारतं. अशा वेळी ते लालसर होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात सोडायचं. पोलाद असं केलं तर आणखी कडक होतं, तांबं मऊच राहतं. हे तापवणं स्वयंपाकघरातल्या गॅसवर, पोळ्या चालू असताना होतं. "अहो, निदान फुलके होईपर्यंत तरी!" पण काका म्हणतात, आता सोडलं तर भेग पडेल. कडक झालेल्या धातूचा आवाजही बदलतो. ठप्प-ठप्प जाऊन टणटण येते. हे सगळं दुपारी दोन ते चारमध्ये, पुण्यात. पहिला महिनाभर खालच्या मजल्यावरून चिठ्ठ्या आल्या. नंतर चिठ्ठ्या थांबल्या आणि खालचे आजोबा खिडकीतून ओरडायला लागले, "काका, टणटण येतेय, तापवा आता!" झोप गेली ती गेलीच, निदान पट्टी तरी वाया जाऊ नये.

मध्यंतरी काका कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन बसायचे. तिथे तांब्यापितळेच्या भांड्यांवर मठारकाम चालतं. हातोडीचा एकेक ठोका शेजारी शेजारी, चकाकत्या टिकल्या लावाव्यात तसा. ठोक्यांनी भांडं शोभतंही आणि कणखरही होतं. काकांनी हातोडी मागितली. कारागिराने दिली. दहा ठोके बघितले आणि म्हणाला, "काका, तुम्ही मारताय. मारू नका. पडू द्या तिला." काका घरी येऊन जेवताना एकदम म्हणाले, "चौतीस वर्षांत एवढं नेमकं मला कोणी बोललं नव्हतं." त्या आठवड्यात त्यांनी कोणाचंही माप घेतलं नाही.

पुढे तांब्यावर हात बसला, आणि यश डोक्यात जातं. काकांनी चांदीला हात घातला. बाजारातून पत्रा आणायचा सोडून काकूची जुनी, झिजलेली जोडवी घेतली. डाख लावून जरा भरीव करतो म्हणाले. नवा टॉर्च आणला होता. तांबं 1085 अंशांना वितळतं, चांदी त्याच्या शंभरेक अंश आधीच. हा आकडा काकांना पाठ होता. जोडव्याला नव्हता. एका क्षणी ते लाल झालं, पुढच्या क्षणी चमकलं आणि तिसऱ्या क्षणी विटेवर चांदीचा एक गोल, टपोरा थेंब. घरात दोन दिवस कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी त्या थेंबाला कडी लावली आणि पेंडंट म्हणून काकूपुढे ठेवलं. काकूने ते बघितलं. "आणि दुसऱ्या पायातलं?" एवढंच विचारलं.

मग आली नथ. चापाची, पितळी तारेची, खोटे मोती ओवलेली. मला, चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी. नथीचा बाक काकांनी खरोखर सुरेख काढला होता. पण तार गॅसवर तापवून लोण्यासारखी मऊ केलेली. चापाला ताठपणा लागतो, तोच गेला. वाटली डाळ वाढताना नथ पातेल्यात. दुसरी नथ त्यांनी न तापवता, तारेच्या मूळच्या जोरातच वळली. ती पडली नाही. ती निघालीच नाही. पन्ह्याचे चार पेले मी तोंडाने श्वास घेत वाटले आणि घरी आल्यावर काकांनी पक्कड घेऊन मला सोडवलं. "बघ," ते नथ उजेडात धरून म्हणाले, "स्प्रिंग कशी राहिलीय!"

हिरव्या मनगटांचं सांगायचं राहिलं. तांब्याला घाम लागला की त्याचा हिरवा थर हातावर उतरतो. साबणाने जातो, त्याचं काही नाही, पण ऑफिसात कोणी विचारलं की सांगायचं काय? काकांच्या मते तो "धातूचा स्वभाव" आहे. परवा माझ्या लक्षात आलं की हल्लीच्या बांगड्या हात हिरवे करत नाहीत. आतल्या बाजूने नखाने खरवडून बघितलं तर पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिलेला. काकूच्या कपाटात मागच्या बाजूला चार रिकाम्या बाटल्या आहेत. काकांना वाटतं, त्यांची मिश्रधातूची निवड सुधारली. काकूने मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा हे इथेच राहू द्या.

तर मुद्दा असा. माझ्याकडे सध्या तांब्याच्या अकरा बांगड्या आहेत. वळण नीट, कडा घासलेल्या, आतून नेलपॉलिश, घडणावळ शून्य. कोणाच्या हाताला खरोखर दोन-आठ होत असेल तर घेऊन जा. मात्र रविवारी येऊ नका, काका घरी असतात. आणि आलातच, तर मूठ उघडी ठेवा.