पोचकाका

प्रत्येक सोसायटीत एक पोचकाका असतात. बहुधा सरकारी खात्यातून निवृत्त. त्यांच्या वयाची माणसं खिशात छातीत दुखलं तर घ्यायची गोळी ठेवतात, हे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प ठेवतात. कापडी पिशवीत टॅगची फाइल, टाचण्या, आणि प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काका खिडकी सोडत नाहीत. कारकून म्हणतो, "ठेवून जा काका, बघतो." काका म्हणतात, "सावकाश बघा. आधी शिक्का." मागची रांग कुरकुरायला लागली की ते तिच्याकडे वळून माहिती अधिकार समजावून सांगतात: तीस दिवस मोजायचे ते या तारखेपासून, उत्तर नाही आलं की पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, मग नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. रांगेला जन्माचा दाखला हवा असतो.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा, असा नियम २०१२ साली आला. तो घाव अजून ओला आहे. काकांचं नुसतं 'सविनय निवेदन'च दोनशे शब्दांचं. आणि २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, तेव्हा काका रात्री जेवले नाहीत.

दिवसा त्यांची टिंगल करणारेच रात्री साडेनऊला दार वाजवतात. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरू पोराला मालक डिपॉझिट देईना. काकांचा पहिला प्रश्न, "करार नोंदवलाय?" नव्हता. काकांचा चेहरा उजळला. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५: नोंदणीची जबाबदारी मालकाची, ती केली नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. काकांनी रात्री जागून नोटीस लिहिली. पोराने तिचा फोटो मालकाला पाठवला आणि दुपारपर्यंत पैसे खात्यात आले.

काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

घरच्या बिघडलेल्या मिक्सरचंही तेच. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं. काका महिनाभर तयारी करत होते. दुकानदाराने फाइलची जाडी बघितली आणि मुकाट्याने नवा मिक्सर दिला. काकूंनी त्याच संध्याकाळी चटणी वाटली. काकांनी ती 'हक्क राखून' खाल्ली.

न्याय हवा असता तर काका कधीच सुखी झाले असते. त्यांना प्रकरण हवं असतं.

हे काकूंनी बरोबर ओळखलंय. स्वयंपाकघरातली फळी ठोकून द्या, असं तोंडी सांगून थकल्यावर त्यांनी दोन प्रतींत अर्ज दिला. काकांनी आनंदाने पोच दिली. तीस दिवस उलटले, फळी खालीच. एकतिसाव्या दिवशी काकूंनी सासूबाईंकडे अपील केलं. सासूबाईंना हल्ली ऐकू येत नाही, पण निकाल त्यांनी सुनावणीआधीच दिला.