शोले, मागून

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाचं काम पाहणाऱ्या बाईंनी निरोप धाडला, "काका, तुम्ही सिनेमाचे एवढे शौकीन. सगळ्यांत आवडते दहा चित्रपट लिहून द्या ना, रविवारपर्यंत." शौकीन म्हटलं की माणूस फुगतो. त्याच रात्री बसून मी झरझर लिहून काढलं : 'पथेर पांचाली', 'राशोमोन', 'बायसिकल थीव्ह्ज', 'स्टॉकर'. चहा घेऊन आलेल्या हिने कागद उचलला, वाचला आणि शांतपणे विचारलं, "अहो, यातला जागेपणी कुठला पाहिलात?"

आता 'स्टॉकर'बद्दल तिचं म्हणणं खरं आहे. तार्कोव्हस्कीचा 1979 सालचा हा चित्रपट अडीच तासांहून मोठा. पुण्याच्या एका फिल्म क्लबात लोखंडी खुर्चीवर बसून पाहिला. ते तिघे रुळांवरच्या ट्रॉलीवर बसून निघाले, चाकांचा खडखडाट सुरू झाला आणि साताऱ्याच्या एसटीत लागते तशी मला झोप लागली. जाग आली तेव्हा पडद्यावर तेही तिघे आडवे पडले होते. रशियन माणसांबद्दल एवढी आपुलकी मला पुन्हा कधी वाटली नाही. बाहेर आल्यावर सगळे गंभीरपणे सिगारेटी ओढत होते, मीही ओढली. झोप उडवायला.

'पथेर पांचाली' मात्र मी पुरता पाहिलाय. हरिहर परगावाहून येतो, दुर्गासाठी आणलेली साडी उलगडून दाखवतो आणि सर्वजयाचा बांध फुटतो. तिथे तिचा आवाज ऐकू येत नाही, नुसती तारशहनाई वाजते. मी ढसाढसा रडलो. तसा तर मी 1991 साली 'माहेरची साडी' पाहतानाही रडलो होतो. आत्याला सोबत हवी म्हणून गेलो होतो. ती निघताना दोन रुमाल घेऊन निघाली तेव्हा मी हसलो होतो. मध्यंतरानंतर त्यातला एक मला मागून घ्यावा लागला. म्हणजे सत्यजित राय असोत की विजय कोंडके, पडद्यावर साडी निघाली की माझं काही खरं नसतं. हे दिवाळी अंकात कसं लिहायचं?

तरी पहिला कागद फाडला आणि ठरवलं, खरं तेच लिहायचं. खरं लिहायचं म्हणजे साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेतल्या आमच्या गल्लीपर्यंत मागे जावं लागतं.

गणपतीत गल्लीत पडद्यावर सिनेमा असायचा. दोन खांबांना पांढरं कापड बांधायचं, लांब टेबलावर सोळा एमएमचं मशीन ठेवायचं, आणि संध्याकाळी पाचपासून लोक पोती-सतरंज्या टाकून जागा अडवायचे. आम्हा पोरांना शाळा, गृहपाठ, आरती आणि प्रसाद आटोपून येईपर्यंत पुढची बाजू भरलेली असायची. मग आम्ही पडद्याच्या मागे बसायचो. कापडच ते, चित्र पलीकडेही उमटायचं. फक्त सगळं उलटं.

'शोले' मी असा पाहिला. 15 ऑगस्ट 1975 ला तो लागला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. आमच्या गल्लीत तो एकच रात्र चालला, पण आमच्या बाजूने चालला तसा मिनर्व्हात कधीच चालला नसेल. सुरुवातीची नावं उलटी आली, ती वाचता वाचता मला उलटं वाचायची सवय लागली. (अँब्युलन्सवरची अक्षरं मी आजही आरशाशिवाय घडाघडा वाचतो. दुसऱ्या कुठल्या चित्रपटाने मला असं काही शिकवलेलं नाही.) डाकू पाठलाग करतात ती मालगाडी पुढच्या लोकांसाठी जात होती, आमच्यासाठी येत होती. वारा सुटला की पडदा फुगायचा आणि गब्बरला पोट सुटायचं. रीळ बदलताना दिवे लागले की पुढची मोठी माणसं मागे येऊन आमच्याकडे दयेने बघायची.

दया कशाला? जयचं नाणं दोन्ही बाजूंनी छापा, ते आम्हालाही छापाच. आणि गब्बरने हात तोडल्यानंतरचा ठाकूर तर मागून पुढून सारखाच. त्याच्या डाव्या-उजव्याचा प्रश्नच नाही. अख्ख्या चित्रपटात आमच्यावर अन्याय झाला तो एकाच बाबतीत. अमिताभ बच्चन डावखुरा आहे हे मला पुढे कॉलेजात कळलं. तोवर मी त्याला चांगला आपल्यासारखा उजवा समजत होतो. मित्राशी पैज लावली होती, सामोसे हरलो.

सरळ बाजूने 'शोले' मी नंतर पाहिला, मोठ्या पडद्यावर, पैसे देऊन, गार हवेत. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गाडी भलत्याच दिशेला निघाली होती.

त्याच सुमाराचा जब्बार पटेलांचा 'सिंहासन'. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, मराठीत राजकारणावर इतका करकरीत चित्रपट मी दुसरा पाहिला नाही. आजीसोबत पाहिला, तो शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर. त्यात निळू फुले पत्रकार आहेत, दिगू टिपणीस, सज्जन माणूस. आजीला ते पटेना. 'सामना'तला साखरसम्राट तिच्या डोक्यातून गेलाच नव्हता. "बघ, आता हा कुणाचं तरी वाटोळं करणार," असं ती दर दहा मिनिटांनी म्हणायची. शेवटी दिगूलाच वेड लागायची पाळी येते तेव्हा ती उठून देवापाशी दिवा लावायला गेली. "केलेलं भोगावं लागतं," म्हणाली.

आणि 'अशी ही बनवाबनवी'. हा 1988 चा, आणि 1988 साली मी पुण्यात खोली शोधत होतो. लग्न न झालेल्या पोरांना खोली मिळत नव्हती. एका मालकाने तर मला आडनाव, गाव, जेवणाच्या वेळा आणि रात्री किती वेळा उठतो हे विचारून मग नाही सांगितलं. अशा अवस्थेत आम्ही चार मित्र थिएटरात गेलो. अशोक सराफचा धनंजय माने, त्या घरमालकाच्या मधुमेहाच्या औषधाची भानगड, मग लीलाबाई काळभोरांच्या घरात शिरण्यासाठी सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचं बायका होणं. सगळं थिएटर पोट धरून हसत होतं. आम्ही चौघे मात्र बारकाईने बघत होतो. हा चित्रपट विनोदी आहे हे मला दुसऱ्यांदा पाहताना कळलं. त्या रात्री साडीपर्यंत चर्चा गेली होती. मिशा काढायला कुणी तयार झालं नाही म्हणून बेत बारगळला.

पुढे तो किती वेळा पाहिला याचा हिशेब हिच्याकडे आहे. तिच्या मते दर पावसाळ्यात दोनदा आणि पाहुणे आले की एकदा. 'जाने भी दो यारों'मधला महाभारताचा गोंधळ लागला की फोन न घेणे, 'अंगूर'मधले दोन देवेन वर्मा पाहताना भाजी करपवणे, हेही तिच्या वहीत असावं.

शनिवारी रात्री यादी पुन्हा लिहिली. बाईंचा लगेच फोन आला. "काका, पहिल्या नंबरला 'शोले' आहे, पण कंसात 'मागून' असं का लिहिलंय? मागून टाकायचा का?" मी म्हटलं, तसंच छापा.

छापून आल्यावर तुमच्यापैकी कुणाकडे सोळा एमएमचं चालू मशीन, 'शोले'ची रिळं आणि एक धुतलेलं पांढरं कापड असेल तर कृपया कळवावं. पुढची बाजू तुमची. मागे टाकायला सतरंजी मी घेऊन येतो.