बरगड्या मोजून घ्या

शेल्टरमधल्या कुत्र्यांना नावं ठेवणारी माणसं फार आशावादी असतात. आमच्या कुत्र्याचं नाव त्यांनी शांताराम ठेवलं होतं. वय वर्ष-सव्वा वर्ष, लसी दिलेल्या, नसबंदी झालेली आणि जातीच्या रकान्यात 'कारवानी मिश्र'. म्हणजे बाप कारवानी असावा, आई पुण्यातलीच कुणीतरी. धावणं बापाकडून आलं; सोफ्यावर हक्कानं आडवं होणं बहुधा आईकडून.

कारवानी हा सोलापूर, लातूर, सांगलीकडचा सशामागे धावणारा कुत्रा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी याच जातकुळीला आश्रय दिला, म्हणून कर्नाटकात तो मुधोळ हाउंड झाला. २००५ साली त्याच्यावर टपाल तिकीट निघालं, २०१६ साली लष्करानं त्याला मेरठला प्रशिक्षणासाठी नेलं. शांतारामच्या पितृकुळाची ही थोरवी मी सोसायटीत घोळून घोळून सांगितली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं खरं हो, पण त्याला जेवायला का घालत नाही?"

कुत्र्याला बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात. काकूंनी बऱ्याचशा मोजल्या होत्या.

आता याची बांधणीच तशी. छाती खोल, कंबर नसल्यात जमा. भरधाव पळताना एकेका झेपेत दोनदा चारही पाय जमीन सोडतात. अंगावर चरबी ठेवायला जागा कुठे? मान डोक्याएवढीच जाड, म्हणून साधा पट्टा कानांवरून अलगद निघतो आणि आपण हातात नुसता पट्टा घेऊन मांजरामागे धावतो. हे सगळं समजावून सांगता येतं, पण पटवता येत नाही. आपल्याकडे घरातलं माणूस वाळलं की दोष सुनेचा. आमच्याकडे सुनेच्या जागी मी.

मग लोकांनी परस्पर अन्नछत्र उघडलं. वॉचमन बिस्किटं देतो. काकू तूप लावून पोळी देतात. सत्यनारायणाचा शिरा आला, तो मी अक्षरशः त्याच्या जिभेखालून ओढला, कारण बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे शिरा आणि कांदेपोहे, मराठी पाहुणचाराचे दोन्ही खांब बाद! हे सांगितल्यावर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी कंजूषपणाला शास्त्राधार शोधून आणलाय.

शांताराम या कटात पूर्ण सामील आहे. घरी वाटीभर चिकन-भात चाटून पुसून खाईल, आणि जिन्यात काकूंचं दार वाजलं की मान खाली घालून पोट आत ओढील. माझी आईसुद्धा फितूर झाली आहे. "अरे, लेकराची भूक आपल्याला काय कळणार?" हे ती मला, तिच्या लेकराला, ऐकवते.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात फिरवून पाहिला आणि वजन अगदी बेताचं, उत्तम आहे म्हणाले. मग एकवार माझ्या पोटाकडे पाहून पुढचं बोलणं टाळलं.

तेव्हा, संध्याकाळी एखादा हडकुळा कुत्रा एका जाड माणसाला फरफटत नेताना दिसला, तर कृपा करून काही खाऊ घालू नका. तो जेवून आलेला असतो. फारच दया आली तर जवळच्या शेल्टरमध्ये एका वेळच्या जेवणाचे पैसे देऊन या. तिथे खरोखरच ताटाची वाट बघणारे पुष्कळ आहेत.