काकू, फक्त दहा मिनिटं हं!

डोंबिवली असो, ठाणं असो की कोथरूड, घरगुती पाळणाघराचा करारनामा दोन वाक्यांचा असतो. "घरच्यासारखं सांभाळा हं, काकू." "अहो, माझ्या नातवासारखं!" झालं. सही नाही, पावती नाही, आणि साक्षीदार दुपट्यात गुंडाळलेला, अजून बोलता न येणारा. फ्लॅट भाड्याने देताना आपण अकरा महिन्यांचा करार नोंदवतो, भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवतो, गीझर चालू स्थितीत दिल्याचं लिहून घेतो. पोटचं पोर मात्र तोंडी बोलीवर.

पहिला महिना गोड जातो. पुढे लक्षात येतं, की कुणाच्या घरच्यासारखं, हे ठरवायचं राहूनच गेलं.

आईच्या घरी बाळ उताणं झोपतं, सहा महिने पाण्याचा थेंबही नाही. काकूंच्या घरी पालथं घातल्याशिवाय गॅस सुटत नाही आणि घुटीशिवाय पोट साफ होत नाही. काकूंकडे पुरावा आहे: त्यांची तिन्ही मुलं घुटीवर वाढली आणि इंजिनियर झाली. मग दुपारी बाळ जरा जास्त झोपलं, की आईला जायफळाचा संशय येतो. रात्री झोपलं नाही, की काकूंना आईच्या लाडांचा.

इथे आईचं बरोबर आहे, हे सांगून टाकू. तान्ह्याला उताणं किंवा कुशीवर झोपवा, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये सांगितलं, पुढे कुशीचाही पर्याय काढून फक्त उताणं ठेवलं. घुटीच्या निमित्तानेही वर्षाच्या आत मध चाटवू नये, कारण त्यातून बोट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. काकू प्रेमळ आहेत म्हणून मधातले जीवाणू गप्प बसत नाहीत.

पण काकूंचंही ऐकू. सकाळी बाळ येतं ते हसतखेळत. अकराला अंग तापतं. म्हणजे घरून निघताना पॅरासिटामॉल पाजून ताप उतरवून आणलेला असतो. औषध चारसहा तास साथ देतं, तोवर आई मीटिंगमध्ये आणि फोन सायलेंटवर. दोन दिवसांनी पाळणाघरातली सगळी पोरं शिंकू लागतात. मग सगळ्या आया मिळून काकूंना विचारतात, "तुमच्याकडे स्वच्छता पाळत नाहीत का?"

त्याच पॅरासिटामॉलची दुसरी गंमत ऐका, म्हणजे हसू थांबेल. थेंबांच्या बाटलीत सहसा 1 मिलिलीटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये तेवढंच किंवा थोडं अधिक औषध 5 मिलिलीटरमध्ये. आईने फोनवर "अडीच एमएल द्या" म्हणताना मनात सिरप धरलेलं आणि काकूंच्या हातात थेंबांची बाटली असली, तर डोस चार ते पाच पट. या घोटाळ्यात वाईट कुणीच नसतं. फक्त कागद नसतो.

दुधाचंही तेच. काढून ठेवलेलं आईचं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत साधारण 4 तास टिकतं. मे महिन्यात डोंबिवलीत 25 अंश फक्त बँकेत सापडतात. काकूंनी उरलेलं दूध ओतून दिलं, तर आईच्या डोळ्यांत पाणी, कारण ऑफिसच्या स्टोअररूमचं दार पाठीने अडवून तिने ते काढलेलं. ठेवून पुन्हा पाजलं आणि जुलाब झाले, तरी दोषी काकूच.

आता संध्याकाळ. "काकू, फक्त दहा मिनिटं हं, गाडी लेट आहे!" गाडी लेट असते हे खरं. ती रोज लेट असते हेही खरं. तेव्हा रोजची लेट गाडी हा अपघात राहत नाही, तो टाइमटेबलचा भाग होतो. काकूंनाही स्वयंपाक आहे, नवऱ्याची गोळी आहे, मुख्य म्हणजे कंबर आहे. त्या जादा वेळाचे पैसे मागितले, की "एवढ्याशासाठी?" असा चेहरा. आणि बाळ आठवडाभर आजोळी गेलं, की लगेच मेसेज: "या महिन्यात सात दिवसांचे कापून घ्या ना!"

थोडक्यात, उशीर झाला की काकू घरच्या आणि फी देताना काकू दुकानदार. काकूही कच्च्या नाहीत. फी वाढवताना "हा माझा व्यवसाय आहे" आणि प्रश्न विचारला की "विश्वास नसेल तर घरी बसून सांभाळा." हे वाक्य फार हुकमी आहे, कारण ते करता येत नाही हे दोघींनाही माहीत असतं.

2016 च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली आणि राज्य हादरलं. तेव्हापासून पाळणाघर बघायला गेलं, की पहिला प्रश्न "सीसीटीव्ही आहे का?" असतो. पण कॅमेऱ्यात थप्पड दिसते, थकवा दिसत नाही. एकटी बाई किती तान्ही सांभाळते, हा प्रश्न कॅमेऱ्याआधी विचारायला हवा. तो विचारत नाही, कारण उत्तर मिळालं तर फी वाढते.

या भांडणात दोनच बायका दिसतात. बाकीचे पसार आहेत. 2017 साली कायद्यात दुरुस्ती होऊन बाळंतपणाची रजा 12 वरून 26 आठवडे झाली. त्यातले 8 आठवडे आधी घेतले, तर बाळंतपणानंतर उरतात 18, म्हणजे जेमतेम चार महिने. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. मधले दोन महिने कोणी भरून काढायचे? काकूंनी!

त्याच दुरुस्तीत 50 किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभाही मिळाली. तुमच्या ऑफिसात पन्नास माणसं आहेत ना? मग पाळणाघर कुठे आहे, हे एचआरला कधी विचारलंत? नाही. एचआरला "ओके सर" आणि जाब मात्र काकूंना.

आणि बाबा? ते या प्रकरणात दोनदा उगवतात. एकदा फी ऑनलाइन पाठवायला आणि एकदा "तुम्ही दोघी बसून मिटवा ना" म्हणायला.

तेव्हा नातं राहू द्या, पण आधी कागद करा. एक पान पुरे. बाळ किती वाजता येणार, किती वाजता जाणार, उशिराच्या अर्ध्या तासाचे किती. सुट्टीतली फी पूर्ण की अर्धी. काय खायचं, काय अजिबात नाही. ताप किती आला की फोन, फोन लागला नाही तर दुसरा नंबर कुणाचा, डॉक्टर कोण. औषधाच्या रकान्यात थेंब की सिरप, ठळक अक्षरांत. काकूंची आठवड्याची सुट्टी आणि एकावेळी जास्तीत जास्त किती बाळं, हेही.

खाली तीन सह्या घ्या: आई, काकू आणि बाबा. आणि संध्याकाळी घ्यायला कोण येणार, या ओळीत आठवड्यातले निदान तीन वार बाबांच्या नावावर टाका.