हिंदूरावात सिस्टरचा ओरडा खाण्याची शास्त्रोक्त पद्धत

उत्तर दिल्लीत मध्यरात्री कुणाच्या छातीत कळ आली किंवा कुणाला कुत्रं चावलं, की रिक्षा हिंदूराव रुग्णालयाकडे वळते. मराठी माणसाची पहिली चूक रिक्षात बसल्या बसल्याच होते. नाव ऐकून त्याला वाटतं, हे तर आपलंच! नाव खरोखर आपलंच आहे. कागलच्या घाटगे घराण्यातले हिंदूराव, म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, दिल्लीला येऊन राहिले आणि रिज टेकडीवरचा विल्यम फ्रेझरचा बंगला त्यांनी घेतला. फ्रेझर हा दिल्लीतला इंग्रजांचा बडा अधिकारी. १८३५ साली त्याचा खून झाला होता. १८५७ मध्ये इंग्रजांनी याच बंगल्यात मोर्चा धरला. पुढे या जागी दवाखाना झाला, तो आज महापालिकेचा आहे. हा सगळा इतिहास तोंडपाठ असला तरी कॅज्युअल्टीच्या टेबलाशी त्याचा उपयोग शून्य. ‘घाटगे आमच्या आत्याच्या सासरचे’ हे वाक्य तिथे उच्चारू नये. रेशनच्या दुकानापासून मंत्रालयापर्यंत प्रत्येक खिडकीवर आवाज आणि वशिला चालतो. कॅज्युअल्टीत नियम उलटा आहे. ज्याची अवस्था सगळ्यात वाईट, त्याचा नंबर पहिला. अशा खिडकीशी कसं उभं राहायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, म्हणून हे मार्गदर्शन.

मूळ सिद्धांत एका वाक्याचा आहे: सिस्टर तुमच्यावर खेकसली, तर पेढ्यांची ऑर्डर द्यावी. याला शास्त्राधार आहे. कॅज्युअल्टीत आलेल्या माणसाच्या आधी तीन गोष्टी बघतात: श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास चालू आहे का, रक्त फिरतंय का. ‘अर्धा तास झाला, कुणी बघायला तयार नाही, सगळ्यांना सस्पेंड करतो!’ असं जो एका दमात म्हणू शकतो, तो या तिन्ही परीक्षा केसपेपर निघण्याआधीच पास झालेला असतो. त्याला बाकावर बसवण्यात सिस्टरचा निष्काळजीपणा नसतो, तिने निदानाची पहिली पायरी पार केलेली असते. खरा घोर गप्प माणसांचा. दम्याच्या रुग्णाच्या छातीतली घरघर एकाएकी थांबली, तर नातेवाईकांना हायसं वाटतं आणि सिस्टर धावत सुटते, कारण हवा आत जायचीच थांबली की आवाजही थांबतो. मधुमेही माणसाला हार्ट अ‍ॅटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो. असा माणूस ‘जरा गॅस झालाय’ म्हणत कोपऱ्यात घाम पुसत बसतो, त्याला बोलायलाही संकोच वाटतो. छातीच्या तक्रारीवर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा असा दंडक आहे, आणि ती दहा मिनिटं या कोपऱ्यातल्या माणसासाठी राखून ठेवायची असतात. म्हणून सिस्टरने तुम्हाला ‘साइड में बैठो’ म्हटलं, तर निर्धास्त बसावं. ती अचानक गोड बोलायला लागली, तुमच्याभोवती पडदा ओढला आणि न बोलावता आणखी दोघं आले, तर मात्र देवाचं नाव घ्यायला हरकत नाही.

आता ओरडा मिळवण्याचं तंत्र. ओरडा हिंदीत असतो. हेल कधी मल्याळी, कधी हरियाणवी. तो हमखास मिळवायचा असेल तर ‘कोणती औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाला ‘एक पांढरी गोळी’ असं उत्तर द्यावं. रक्तदाबाची, मधुमेहाची, थायरॉइडची आणि रक्त पातळ करणारी अशा सगळ्या गोळ्या पांढऱ्या असू शकतात, त्यामुळे या उत्तराने माहितीत काडीचीही भर पडत नाही आणि तुम्ही सहकार्य केल्याचं पुण्य मिळतं. ‘शुगर आहे का?’ असं विचारल्यावर ठामपणे ‘नाही’ म्हणावं, दोन मिनिटांनी शुगरच्या गोळीची पट्टी खिशातून काढावी आणि ‘गोळीमुळे नॉर्मल असते ना!’ असा खुलासा करावा. दुखणं दहापैकी किती, असं विचारलं तर समोसा खाली न ठेवता ‘अकरा’ सांगावं. भाजलेल्या जागेवर टूथपेस्टचा जाड थर द्यावा. वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धरण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. टूथपेस्ट सुकली की ती खरवडायला सिस्टरला काम मिळतं. कुत्रं चावलं तर साबण आणि नळाचं पाणी यांनी पंधरा मिनिटं जखम धुण्याचा साधा उपाय जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण त्यापेक्षा जखमेत मिरचीपूड भरावी आणि तीन दिवसांनी, शक्यतो रात्री दोन वाजता, इंजेक्शनसाठी यावं. आणि काहीही झालेलं असो, ‘एक बाटली चढवा’ हा आग्रह सोडू नये. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. तेवढी साखर तोंडाने पोटात गेली तर अशक्तपणा जात नाही. शिरेतून गेली की ताकद येते, अशी सर्वमान्य समजूत आहे.

यावर सुजाण वाचक म्हणेल, आजारी आणि गरीब माणसांची ही टिंगल झाली. आक्षेप बिनतोड आहे, फक्त त्याचा पत्ता चुकलाय. रात्री दोनला तीन दिवसांचा ताप घेऊन येणारा मजूर मूर्ख नसतो. ओपीडीची पर्ची सकाळी निघते, रांगेत दुपार होते आणि त्या दिवसाचा रोज बुडतो. कॅज्युअल्टी रात्री उघडी असते आणि रोज शाबूत राहतो. त्याने हिशेब बरोबर केलेला असतो. आरडाओरड करणाराही तसाच, आयुष्यभर ज्या उपायाने काम झालं तोच तो इथे वापरतो. मग ओरडता ओरडता सिस्टर हसते ती कुणाला? हसण्याचे दोन प्रकार आहेत. अमेरिकेत १९७८ साली सॅम्युअल शेम या डॉक्टरची ‘द हाउस ऑफ गॉड’ ही कादंबरी आली आणि निवासी डॉक्टर म्हाताऱ्या, असहाय रुग्णांना कसल्या हिणकस टोपणनावांनी ओळखतात ते जगजाहीर झालं. ते हसणं वरून खाली येणारं. पांढऱ्या गोळीवर हसणारी सिस्टर मात्र त्याच गोळीची पट्टी शोधायला तुमच्या पिशवीत हात घालत असते. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे; तो कोणत्या रात्रपाळीला पाळला जातो हे शोधणं संशोधकांवर सोडू. आणि हिंदूरावाबद्दल एक गोष्ट तर वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलेली आहे. २०२० च्या जूनमध्ये हे कोविड रुग्णालय ठरलं, देशाच्या त्याआधी मार्चमध्येच थाळ्या वाजवून झाल्या होत्या, आणि ऑक्टोबरात इथल्या डॉक्टर-परिचारिकांवर थकलेल्या पगारासाठी आंदोलन करायची वेळ आली. पगाराविना पीपीई किट चढवणारी बाई तुमच्या ‘अकरा’वर हसली, तर तो तिचा भत्ता समजावा.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे, कारण तो मूळ सिद्धांतालाच धरतो. आरडाओरडा करणारा प्रत्येक जण धडधाकट नसतो. रक्तातली साखर घसरली की सज्जन माणूस शिव्या देतो, सलाईनची नळी उपटतो, जीभ जड होते, चालताना झोक जातो. आजूबाजूचे लोक ‘बेवडा’ म्हणून मोकळे होतात. डोक्याला मार लागून आत रक्तस्राव झालेलाही असाच बरळतो, आणि त्याने वर दोन पेग घेतलेले असले तर विचारायलाच नको. हा आक्षेप मान्य करावाच लागतो. म्हणूनच मुरलेली सिस्टर दारुड्यावर विनोद करता करता त्याच्या बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटर बघून घेते. जी फक्त विनोद करते, ती एक दिवस फसते. ओरडण्यालाही हद्द आहे. प्रसूतिगृहात कळा देणाऱ्या बाईला टोमणे मारणं, हात उगारणं या सिद्धांतात बसत नाही. त्याला पेढे नाहीत, लेखी तक्रार. उलट बाजूही तितकीच स्पष्ट आहे. नातेवाइकांनी सिस्टरवर हात उगारू नये म्हणून दिल्लीला २००८ मध्ये आणि महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. दोन्हीकडे तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ती भोगताना कुणी रांगेत पुढे घेत नाही.

एवढं वाचूनही ज्यांना ओरडा नकोच असेल, अशा निरस लोकांसाठी थोडक्यात: घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्याव्यात, रुग्णाबरोबर सात जणांऐवजी एकानेच आत जावं आणि त्या एकाला रुग्णाचं वय माहीत असावं. निघताना सौजन्य म्हणून ‘आज बरीच शांतता आहे, नाही?’ असं मात्र चुकूनही म्हणू नये. हा शब्द उच्चारला की दारात अँब्युलन्सची रांग लागते, अशी इस्पितळांत जगभर श्रद्धा आहे. इंग्लंडमध्ये चिठ्ठ्या टाकून याची रीतसर चाचणी घेण्यात आली. त्या शब्दाने कामाचा बोजा वाढत नाही, असा निष्कर्ष २०१९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात छापूनही आला. तो वाचलेल्या सिस्टरसुद्धा तो शब्द उच्चारत नाहीत.